जुने खेळ : मूळ यंत्र की संगणक?

अमेरिकेत १९७७ साली दोन यंत्रे बाजारात आली. एक ॲपल टू हा घरगुती संगणक. दुसरे, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळावयाचे अटारी कंपनीचे कन्सोल, जे पुढे अटारी २६०० या नावाने प्रसिद्धीस आले. दोहोंच्या पोटात एकाच कुळातली चिप होती: संगणकात ६५०२, तर कन्सोलमध्ये तिचीच स्वस्त आवृत्ती ६५०७. जपानमध्ये १९८३ साली निन्टेन्डोने विक्रीस काढलेल्या फॅमिकॉमची चिपही याच घराण्यातली. तेव्हा जुना खेळ आज मूळ कन्सोलवर खेळावा की संगणकावर, हा रसिकांतील वाद म्हणजे वस्तुतः भाऊबंदकीच होय. आणि भाऊबंदकीप्रमाणेच त्यात पैसा, कायदा व वारसा ही तिन्ही येतात.

कन्सोलची बाजू प्रथम पाहू. अटारीच्या यंत्रात तात्पुरत्या स्मृतीसाठी अवघे १२८ बाइट होते. त्यात संपूर्ण चित्र मावणे अशक्य. म्हणून पिक्चर ट्यूबमधील झोत पडद्यावर ओळीमागून ओळ रेखीत असता, पुढील ओळीत काय दिसावयाचे हे त्या त्या क्षणी सांगावे लागे. खेळ रचणाऱ्याची त्या झोताशी शर्यतच असे. निन्टेन्डोच्या ‘डक हंट’मधील बंदुकीचेही तसेच. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि तो उजेड बंदुकीस दिसला तर नेम लागला असे ठरे. आजच्या सपाट पडद्यावर ही वेळ साधत नाही; मूळ बंदूक मूळ यंत्राला जोडूनही बदक मरत नाही! म्हणजे मूळ यंत्राचा आग्रह धरणाऱ्याने जुना टीव्हीही सांभाळला पाहिजे.

संगणक ही सारी यंत्रणा आज्ञावलीने नकलतो. अशा आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. परंतु नक्कल करणे स्वस्त नाही. १९९० च्या सुपर फॅमिकॉमची चिप फार तर साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास चाले; तिची काटेकोर नक्कल करण्यास तीन गिगाहर्ट्झचा, म्हणजे आठशेहून अधिक पट वेगाचा संगणक लागतो, असे बीएसनेस या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ साली लिहिले. कमी वेगाची नक्कल खेळण्यापुरती चालते, पण लेखनिकाने घाईने उतरलेल्या पोथीप्रमाणे तिच्यात बारीकसारीक अपपाठ राहतात. ते ओळखावयाचे तर मूळ प्रत कोठेतरी चालू स्थितीत असावीच लागते.

भारतात हा भेद आरंभापासूनच पुसट होता. १९९० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून जे यंत्र आले ते बहुधा फॅमिकॉमची नक्कलच असे, आणि त्याच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत.

कायद्याने एम्युलेटर सर्वस्वी त्याज्य मानलेला नाही. सोनी व कनेक्टिक्स यांच्या दाव्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० साली, प्लेस्टेशनची रचना अभ्यासण्यासाठी केलेली मधली प्रत न्याय्य वापरात मोडते, असा निर्णय दिला. खेळाची प्रत मात्र निराळी. तिचा हक्क मालकाकडेच राहतो. अडचण आहे ती येथे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी अमेरिकेत प्रकाशित झालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज अधिकृतरीत्या विकतच मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांस दुरून पाहू द्यावेत, ही मागणीही तेथील कॉपीराइट कार्यालयाने २०२४ साली नाकारली.

सामान्य रसिकाने, म्हणूनच, संगणकच पत्करावा. जागा, पैसा आणि डाख देण्याचा हात ज्याच्यापाशी आहे त्याने मूळ यंत्र जपावे. दोहोंचे वैर मानण्याचेही कारण नाही. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ १९८७ साली अमेरिकेत आला तेव्हा खेळाडूचा डाव टिकविण्यासाठी त्याच्या कार्ट्रिजमध्ये छोटी बॅटरी बसविलेली होती. ती संपली की वर्षानुवर्षे जपलेला डाव नाहीसा होतो. परंतु तत्पूर्वी तो संगणकावर उतरवून घेता येतो, आणि नवी बॅटरी बसविल्यावर त्याच कार्ट्रिजमध्ये परत भरता येतो.