गोल कोणाचा?

व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई आणि किमान वेतन यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि तिच्यात फारशी चूकही नाही. परंतु या वसंतात आम्ही फुटबॉलच्या मैदानावरील एका जागेचा इतिहास सांगावयाचे ठरविले आहे. ती जागा सेंटर फॉरवर्डची. अलीकडे तिला स्ट्रायकर म्हणतात. या शब्दाशी आमची ओळख मैदानाबाहेरची. इंग्रजीत संप करणाऱ्या कामगारालाही हाच शब्द लावतात. १७६८ साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी मजुरीच्या प्रश्नावर जहाजांची शिडे उतरवून ठेवली, आणि शिडे उतरविण्याच्या त्या इंग्रजी क्रियापदावरून संपाला 'स्ट्राइक' हे नाव मिळाले, असे सांगतात. मैदानावरचा स्ट्रायकर चेंडू मारतो म्हणून स्ट्रायकर. त्याचा शिडांशी संबंध नाही. तरीही दोघांच्या बाबतीत एक प्रश्न सारखाच उभा राहतो. यश मिळाले, तर ते कोणाचे?

हा प्रश्न नाचणगावात विचारण्याला कारण आहे. शेजारच्या पुलगावात दारूगोळ्याचे कोठार आहे आणि तेथे कापडाची गिरणी उभी राहिली होती. फुटबॉलचा आजचा खेळही अशाच वस्तीतून वाढला. लंडनचा आर्सेनल हा संघ सर्वांना ठाऊक आहे. १८८६ साली वुलिच येथील सरकारी शस्त्रकारखान्यातल्या कामगारांनी तो काढला, आणि त्याच्या नावाचा अर्थच मुळी शस्त्रागार असा आहे. मँचेस्टर युनायटेडचा मूळ संघ १८७८ साली रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी स्थापन केला. कामगाराला खेळावयास वेळ कोठून मिळाला? इंग्लंडात १८५० च्या कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविणे भाग पडले. ते थांबले म्हणजे गिरणीही थांबे. शनिवारी दुपारी तीन वाजता सामना सुरू करण्याची तेथील रीत ही त्या अर्ध्या सुटीची संतती होय. म्हणजे फुटबॉलचा पहिला गोल कारखान्याच्या कायद्याने केला, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती समजू नये.

१८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन नियम लिहिले गेले, तेव्हा खेळ मुख्यतः उच्चभ्रू शाळांतून शिकलेल्या मंडळींचा होता. त्यांची पद्धत अशी : चेंडू ज्याच्या पायात आला त्याने तो घेऊन सुटावे, आणि हिसकावला जाईपर्यंत कोणाला देऊ नये. संघातले बहुतेक लोक पुढेच धावत. सगळेच आघाडीवर, मग सेंटर फॉरवर्ड वेगळा तो कोणता? १८७२ साली स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. पण स्कॉटलंडच्या खेळाडूंनी एकमेकांना चेंडू देत खेळण्याची रीत त्या काळात रूढ केली. चेंडू द्यावयाचा तर घेणारा कोठे उभा असेल हे ठाऊक हवे. त्यातूनच जागा ठरल्या : दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड. राइट आउट, राइट इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट इन, लेफ्ट आउट ही नावे आमच्या पिढीने लहानपणी थोरांच्या तोंडून ऐकलेली आहेत. थोडक्यात, सेंटर फॉरवर्डचा जन्म एकट्याच्या शौर्यातून झालेला नसून कामाच्या वाटणीतून झाला.

या वाटणीचा पहिला मोठा विजय १८८३ चा. त्या वर्षीच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात एका बाजूला ईटन या श्रीमंत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ होता, तर दुसऱ्या बाजूला लँकेशायरच्या गिरणीगावाचा ब्लॅकबर्न ऑलिंपिक. सामना जादा वेळेत गेला आणि ब्लॅकबर्नने तो २–१ असा जिंकला. निर्णायक गोल जिमी कॉस्टली याचा, आणि त्याला चेंडू दिला जॉन येट्स याने. येट्स मागावरचा विणकर. कॉस्टली सूत कातणारा. गिरणी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एका खात्याने दिलेले दुसऱ्या खात्याने पुढे न्यायचे, हीच तर गिरणीची रीत.

पुढे नियमाने जागेचे रूप पालटले. १८६६ पासून ऑफसाइडचा नियम असा होता, की पुढे असलेल्या खेळाडूला चेंडू मिळताना त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन गडी असावेत. हुशार बॅक एक पाऊल पुढे सरकत आणि आघाडीची फळी जाळ्यात अडके. १९२५ साली तिनाचे दोन केले. इंग्लिश लीगमध्ये आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते, ते त्या मोसमात ६,३७३ झाले. १९२७–२८ च्या मोसमात एव्हर्टनच्या डिक्सी डीन याने एकट्याने लीगचे ६० गोल केले. सेंटर फॉरवर्ड आता नायक ठरला. परंतु त्याच वेळी आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफ मागे ओढून त्याला केवळ सेंटर फॉरवर्डचा पहारेकरी केला. नायकाच्या मागे शिपाई लागला!

या पहाऱ्यावर उतारा हंगेरीने काढला. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेंब्ले मैदानावर नऊ नंबरचा हिदेगकुटी आघाडीवर उभाच राहिला नाही. तो मागे, हाफच्या रांगेजवळ वावरला. पहारेकऱ्याला कळेना, की त्याच्या मागे जावे की आपली जागा धरून बसावे. मागे गेला तर मधोमध भगदाड पडे, न गेला तर हिदेगकुटी मोकळा. हंगेरीने ६–३ असा विजय मिळविला आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. सेंटर फॉरवर्ड ही जमिनीवरची जागा नसून ते एक काम आहे, आणि ते कोणीही, कोठूनही येऊन करू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी जगाला समजली.

आता आपल्याकडे येऊ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली गाठ याच हंगेरीशी होती. पण हंगेरीने फुटबॉलचा संघ मागे घेतला आणि भारताला चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. भारताचे सेंटर फॉरवर्ड होते गोव्याचे सुपुत्र नेव्हिल डिसूझा. मुंबईत ते टाटा आणि कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळत. १९५८ चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने जिंकला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी तीन गोल केले, चौथा किट्टू यांनी केला आणि भारत ४–२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही डिसूझांचाच. मात्र तो सामना आपण ४–१ असा हरलो आणि बल्गेरियाकडून ३–० ने हरून चौथे आलो. चार गोल करून डिसूझा त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांत बरोबरीने राहिले. भारतीय फुटबॉल त्यापुढे ऑलिंपिकमध्ये कधी गेले नाही.

या संघात उजव्या कडेला पूर्व रेल्वेचे पी. के. बॅनर्जी होते, केंपय्या व नूर मोहम्मद हे हाफ होते आणि बाहेर प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम होते. हाफची नावे आज कितीजणांना ठाऊक आहेत? आणि खुद्द नेव्हिल डिसूझा? १९८० साली, पन्नाशीही न गाठता, ते गेले. गोल करणाऱ्याचीही आठवण इतकी तोकडी, तर चेंडू पुरविणाऱ्याचे काय!

रहीमसाहेबांना जागेचे मर्म कळले होते. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत जर्नेल सिंग या बॅकच्या कपाळाला जखम होऊन टाके पडले. रहीमसाहेबांनी त्यांना शेवटच्या दोन सामन्यांत सेंटर फॉरवर्ड म्हणून उभे केले. दोन्ही सामन्यांत त्यांनी गोल केला. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २–१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळविले. त्यातला एक गोल बॅनर्जींचा, दुसरा या बँडेज बांधलेल्या बॅकचा.

येथे आमच्या चुकीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील तरुण काठी टेकत आमच्या कचेरीत आला. तो बदली कामगार आणि कारखान्याच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड. सामन्यात गुडघा गेला होता. व्यवस्थापन म्हणे, खेळ हे काम नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची कसोटी तेव्हा अशी होती, की इजा नोकरीमुळे व नोकरी चालू असताना झालेली असावी. आम्ही हजेरीपट मागविला. सामन्याच्या दिवशी त्याची हजेरी कामावर लावलेली निघाली. मग तडजोड झाली. त्याला थोडी रक्कम आणि बसून करावयाचे काम मिळाले. गेटसभेत आम्ही त्याच्या गोलांचे भरघोस वर्णन केले आणि टाळ्या घेतल्या.

सभा संपल्यावर त्याच संघाचा गोलरक्षक पुढे आला. त्याने हाताचे वाकडे झालेले बोट दाखविले. दोन वर्षांपूर्वी सामन्यातच मोडलेले. तो म्हणाला, "भाऊ, गोल अडवणाऱ्याले कोण विचारते?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. एकजुटीची व्याख्याने देणाऱ्या आम्हालाही फळ्यावर लागणारा आकडाच तेवढा दिसला होता. पुढच्या मागणीपत्रात आम्ही कलम घातले, की संघातील कोणत्याही जागेवरच्या खेळाडूची इजा ही कामावरची इजा मानावी. पण त्या बोटाचे देणे आमच्याकडून राहिले ते राहिलेच.

जगाने मात्र हा हिशेब थोडा सुधारला आहे. २०१० च्या विश्वचषकात चौघांचे पाच-पाच गोल झाले. तेव्हा गोलसाठी सर्वाधिक वेळा चेंडू देणारा म्हणून जर्मनीच्या थॉमस म्युलरला सुवर्ण बूट देण्यात आला. आणि २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात आपला एकुलता एक गोल कोणा सेंटर फॉरवर्डने केला नाही. तो मणिपूरच्या जिक्सन सिंग या मधल्या फळीतील मुलाने कोलंबियाविरुद्ध, कॉर्नरवर उडी मारून डोक्याने केला. त्याच संघाच्या आघाडीवर कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, धावत होता.

आमच्या मुलांना सेंटर फॉरवर्ड व्हावेसे वाटते, ते योग्यच आहे. कोणीतरी शेवटची लाथ मारावीच लागते, आणि ती मारताना हुकण्याची लाज एकट्याने सोसावी लागते. ते धैर्य थोडे नव्हे. आमची विनंती एवढीच, की गावच्या सामन्यानंतर बक्षिसे वाटताना गोल करणाऱ्याच्या नावापाठोपाठ चेंडू देणाऱ्याचे आणि गोलरक्षकाचे नावही मोठ्याने वाचावे. त्याला खर्च काही येत नाही.