भिंत धरून पळणारा उंदीर

पवईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांनी 1998 साली ‘टेकफेस्ट’ सुरू केला, तेव्हा त्याच आवारातला ‘मूड इंडिगो’ हा सांस्कृतिक महोत्सव जवळपास पाव शतक जुना होता. गाण्याला, नाटकाला प्रेक्षक आपसूक जमतात. यंत्राचं तसं नाही. सर्किट कितीही अव्वल असलं तरी बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काही घडताना दिसत नाही. म्हणून तंत्रमहोत्सव भरवणाऱ्या पोरांना असे खेळ शोधावे लागतात, ज्यांत यंत्राची अक्कल गर्दीत उभं राहूनही पाहता येईल. टेकफेस्टमध्ये झालेल्या अशा खेळांतला मला सर्वांत देखणा वाटतो तो मायक्रोमाऊस.

मांडणी साधी आहे. 16 बाय 16 चौकोनांचा चक्रव्यूह, प्रत्येक चौकोन 18 सेंटिमीटरचा, भिंती 5 सेंटिमीटर उंच. यंत्राच्या उंदराने कोपऱ्यातून निघायचं आणि मधोमध पोचायचं. बॅटरी, मोटर, सेन्सर, मेंदू, सगळं उंदराच्या अंगावरच. रिमोट चालत नाही. वाट कशी आहे ते स्पर्धेच्या दिवसापर्यंत कुणाही स्पर्धकाला ठाऊक नसतं.

या उंदराचा मूळपुरुष 1950 सालचा. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये क्लॉड शॅनन यांनी ‘थीसियस’ नावाचा लाकडी उंदीर बनवला. त्याला तांब्याच्या मिशा होत्या आणि पोटात लोहचुंबक. 25 चौकोनांच्या पटावर तो धडपडत, भिंतींवर आपटत वाट शोधायचा आणि दुसऱ्यांदा सोडला की न चुकता जायचा. खरं तर उंदीर काहीच शिकत नव्हता. शिकत होता तो पट. खाली टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसले रिले जोडलेले होते, त्यांत वाट साठायची आणि पटाखालून फिरणारा विद्युतचुंबक उंदराला ओढून न्यायचा. टेलिफोनची जोडणी करणाऱ्या कंपनीतल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. हजारो तारांतून योग्य वाट काढणं हाच तर तिथला रोजचा प्रश्न होता.

मेंदू पटाखालून उंदराच्या अंगावर यायला मायक्रोप्रोसेसर स्वस्त व्हावा लागला. 1977 साली ‘आयईईई स्पेक्ट्रम’ या अभियंत्यांच्या मासिकाने आव्हान दिलं: स्वतःच्या बुद्धीने चक्रव्यूह सोडवणारा उंदीर बनवा. अंतिम फेरी 1979 साली न्यूयॉर्कमध्ये झाली, आणि तिथे आयोजकांची पंचाईत झाली. चक्रव्यूहात शिरायची आणि बाहेर पडायची, दोन्ही दारं कडेच्या भिंतीत होती. अशा चक्रव्यूहात एका बाजूची भिंत न सोडता चालत राहिलं की माणूसही हमखास बाहेर पडतो. लक्षात काही ठेवावं लागत नाही. काही हुशार उंदीर वाट लक्षात ठेवत, हिशेब करत पुढे सरकत होते, आणि सर्वांत कमी वेळ नोंदवला तो नुसती भिंत धरून भन्नाट पळणाऱ्या एका उंदराने.

त्याने नियम मोडला नव्हता. मला वाटतं, या खेळाचं भाग्य तिथेच उघडलं. 1980 साली युरोपात स्पर्धा भरवताना पोर्ट्समथचे जॉन बिलिंग्जली यांनी मुक्कामाची जागाच उचलून मध्यभागी आणली. मधल्या चौकाच्या भिंती कडेच्या भिंतींपासून तुटलेल्या ठेवल्या, की भिंत धरून जाणारा उंदीर गोल फिरून निघाल्या जागी परत येतो. एवढ्या एका बदलाने उंदराला स्मरणशक्ती सक्तीची झाली. जपानने लगेच हा खेळ उचलला आणि 1985 साली त्सुकुबात जागतिक स्पर्धा भरली.

आता उंदराने विचार तरी कसा करायचा? बहुतेक मुलं पहिल्यांदा शिकतात ती ‘फ्लड फिल’ पद्धत. मधल्या चौकात पाणी ओतलं तर ते प्रत्येक चौकोनात कितव्या पावलाला पोचेल, तो आकडा त्या चौकोनाचा. सुरुवातीला उंदीर कुठेच भिंत नाही असं धरून चालतो आणि नेहमी कमी आकड्याकडे सरकतो. वाटेत भिंत दिसली की आकडे नव्याने मांडतो. बघणाऱ्याला तो थबकलेला दिसतो, मग वळतो, आणि गर्दीतून ‘अरे, बरोबर!’ असा आवाज उठतो. वेगाच्या फेरीपेक्षा ही चाचपडणारी फेरी मला जास्त आवडते, कारण यंत्राचं मत बदलताना त्यातच दिसतं.

पुढे वेगाचा शोध सुरू झाला. एमआयटीच्या डेव्हिड ऑटन यांच्या ‘माइटी माऊस’ने काटकोनांची नागमोडी वाट तिरकी कापून दाखवली. नंतर कुणी उंदराच्या पोटाखाली पंखा बसवून हवा ओढायला लावली, म्हणजे चाकं जमिनीला घट्ट चिकटतात आणि वळणावर उंदीर घसरत नाही. सुरुवातीचे उंदीर बाजूला पंखांसारखे हात पसरून भिंतींचे माथे वरून बघत. त्यासाठी माथे लाल आणि जमीन काळी ठेवलेली असते. आजचे उंदीर बुटके. ते भिंतीच्या पांढऱ्या अंगावर इन्फ्रारेड किरण टाकून अंतर मोजतात. तरी नियमावलीत माथा लालच राहिला आहे.

महोत्सवांत हा खेळ टिकला याचं एक रोकडं कारणही आहे. त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हॉस्टेलच्या खोलीतलं टेबल, सोल्डरिंग गन आणि चार मित्र एवढ्यावर सुरुवात होते. कोड लिहिणारा, सर्किट बांधणारा आणि चाकांचं गणित सांभाळणारा, तिघांनाही एकमेकांचं ऐकावंच लागतं.

खरी परीक्षा मात्र पटाशी होते. कित्येक ठिकाणी चाचपण्यात गेलेल्या वेळेचा तिसावा भाग पळण्याच्या वेळेत मिळवतात. दोन मिनिटं शोधत बसलात तर 4 सेकंद अंगावर. उंदराला मध्यापर्यंत एक वाट सापडली आहे, पण अर्धे चौकोन अजून अनोळखी आहेत. त्यांत याहून जवळची वाट असेलही. आणखी शोधायचं की आहे त्या वाटेने सुसाट सोडायचं, हे त्या क्षणी कुणी सांगू शकत नाही. पट दिसल्यावर त्याची माहिती उंदराला द्यायची मुभा नसते. त्यामुळे हा निर्णय आधीच कोडमध्ये लिहावा लागतो, पट बघण्यापूर्वी.