अंबरखाना आणि महापूर

पन्हाळ्याच्या अंबरखान्यात धान्याच्या तीन कोठ्या आहेत: गंगा, यमुना, सरस्वती. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला, तेव्हा गड कित्येक महिने झुंजला. वेढा पडल्यावर दाणा आणता येत नाही. तो आधीच कोठीत हवा.

पुण्याला दुसरा धडा मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले. नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आणि पाणी पुरवणारे धरणच गेल्यामुळे ऐन महापुरात नळ कोरडे पडले! संकटाने माणसांबरोबर साठाही गिळला.

म्हणून देशभर मदतीची कोठारे बांधायची, तर ती पूररेषेच्या वर हवीत, आणि प्रत्येकाचे जोडीदार कोठार दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात हवे. एक बुडाले, तर दुसरे धावून येईल. तहान लागल्यावर विहीर खणून कसे चालेल?