दोन महायुद्धं आणि कोल्हापूरचा पेंटर

बोरगावच्या बायकांना कोल्हापूर परकं नाही. सीमारेषा कागदावर कुठंही असो, लग्नाचं सोनं, मुलींचं कॉलेज, मोठा दवाखाना, शुक्रवार पेठेतला जैन मठ, सगळ्याला आपण तिकडंच धावतो. शिवाजी चौकातनं तर शंभरदा गेलो असू. पण तिथला महाराजांचा पुतळा कुणाच्या हातचा, त्या जागेवर आधी कोण उभं होतं आणि त्याला खाली ओढायची सुरुवात कुणी केली, असं विचारलं तर चांगल्या शिकलेल्या बायकाही एकमेकींकडं बघतात. तो पुतळा बाबूराव पेंटरांचा. आणि त्याची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे.

बाबूरावांचं नाव सिनेमाच्या इतिहासात येतं. तिथं ते युद्ध सोडूनच सांगितलं जातं. मला ते पटत नाही. पहिल्या महायुद्धातल्या फ्रेंच चित्रकारांविषयी वाचताना मला सारखे बाबूराव आठवत राहिले, म्हणून आधी थोडं तिकडचं सांगते.

आंद्रे मार नावाचा एक चित्रकार होता. १८८५ साली नॉर्मंडीत जन्मलेला. नुसती चित्रं काढणारा नव्हे, तर भिंतीचा कागद, खुर्ची, गालिचा, दिवाणखाना, सगळ्याचा आराखडा करणारा. १९१२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने आणि त्याच्या मित्रांनी एका नव्या धर्तीच्या घराचा नमुना उभा केला, आणि लोक हसले, चिडले. दोन वर्षांत युद्ध आलं. फ्रेंच सैन्याने १९१५ साली चित्रकारांचं एक वेगळं पथक काढलं. काम काय, तर लपवणं. तोफ झाडीत दिसू नये म्हणून तिच्यावर रंगाचे पट्टे ओढायचे, रस्ता दिसू नये म्हणून रंगवलेलं कापड ताणायचं. त्यांचं सगळ्यात अजब काम खोट्या झाडाचं. दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभं असलेलं मोडकं झाड हेरायचं, त्याचं चित्र काढायचं, मापं घ्यायची, मागं कारखान्यात पोलादाची पोकळ प्रतिकृती करून तिला साल चढवायची, आणि एका रात्री तोफांच्या आवाजात खरं झाड काढून तिथं खोटं रोवायचं. सकाळी शत्रूला तेच झाड दिसणार, आत मात्र टेहळणीचा शिपाई. मार हे काम करत होता. त्याच्या युद्धातल्या वह्या आहेत, जलरंगांनी भरलेल्या. १९१७ साली तो जबर जखमी झाला.

या पथकात नाटकाचे पडदे रंगवणारे पुष्कळ होते. लांबून बघणाऱ्याला कापड हे कापड वाटू नये, ही त्यांची विद्याच. आणि तोफांवर टाकायच्या जाळ्या? त्या कारखान्यांत बसून हजारो बायकांनी विणल्या, गाठ मारून मारून. चित्रकारांची नावं राहिली. जाळ्या विणणाऱ्या बायका 'कामगार' या एका शब्दात संपल्या.

तर पडदे. त्याच वर्षांत आपल्याकडं सगळ्यात नावाजलेले पडदे कोल्हापुरात रंगत होते. आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले चुलत भाऊ. बाबूरावांचा जन्म १८९०चा. घरात सुतारकाम, लोहारकाम, कोरीवकाम, चित्रं, सगळंच चाले, शाळा बेताची. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ. नाटक मंडळ्या पडद्यांवर पाण्यासारखा पैसा ओतायच्या. पडदा वर गेला की राजवाडा दिसायला हवा, त्याचे खांब खरेच मागं मागं गेलेले वाटायला हवेत. १९१० ते १९१६ या काळात या दोघांची या कामात बरोबरी करणारे फार थोडे होते. धंद्याचं नाव आडनावाला चिकटलं, मेस्त्रीचे पेंटर झाले.

मग फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला, १९१३ साली. हललेली चित्रं बघून दोघं भाऊ वेडावले. आपणही चित्रपट काढायचा. पण कॅमेरा कुठला? तो यायचा विलायतेहून, आणि तिकडं १९१४ पासून लढाई पेटलेली. स्वतः फाळके त्या साली लंडनला गेले होते, पण युद्ध सुरू झालं आणि इकडं त्यांना पैसे देणाऱ्यांनी हात आखडता घेतला. गावोगावच्या मराठा पोरांना पलटणीत भरून मेसोपोटेमियाला पाठवत होते. १९१६ साली कुटच्या वेढ्यात मराठा पलटण अडकली आणि कैद झाली. अशा दिवसांत कोल्हापूरच्या पडदेवाल्याला विलायती यंत्र कोण आणून देणार?

त्यांनी ते घरीच करायला घेतलं. चित्रपटाचा कॅमेरा म्हणजे वरून साधी लाकडी पेटी. आतली करामत अवघड. फिल्मच्या कडेच्या भोकांत दात अडकून ती दर सेकंदाला सोळा-एक वेळा खाली ओढली गेली पाहिजे, प्रत्येक वेळी क्षणभर अगदी स्थिर राहिली पाहिजे, आणि ती सरकत असताना भिंग झाकलेलं पाहिजे. हे सगळं हाताने फिरवायच्या दांड्यावर. केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर माणसं थरथरणार. काम अर्ध्यावर असताना १९१६ साली आनंदराव वारले. जोडीतला थोरला गेला. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा पुरा केला. तिकडं युद्ध संपत आलं होतं. माझं मत विचाराल तर शांततेच्या काळात त्यांनीही मुंबईहून यंत्र मागवलं असतं आणि आपल्या हाताची ताकद त्यांना स्वतःलाही कळली नसती.

आता पैशाची गोष्ट. सावकार काही चित्रपटाला पैसे देईनात. पैसे दिले तानीबाई कागलकरांनी. कागल आपल्या वाटेवरचंच गाव. तानीबाई गाणाऱ्या होत्या. त्या काळी गाणाऱ्या बाईचा पैसा घ्यायला लोक तयार असत, तिचं नाव घ्यायला नसत. त्या पैशावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि त्याच कंपनीत पुढं दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम तयार झाले. प्रभात काढणारी ही मंडळी. म्हणजे 'संत तुकाराम' बघून आपल्या आज्या-आवांनी डोळे पुसले, त्याचं मूळ शोधत मागं गेलं तर कागलच्या एका बाईच्या दारात पोचतं.

पहिला चित्रपट 'सैरंध्री', १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. भीमाने कीचकाला मारल्याचा प्रसंग इतका खरा वाटला, की सरकारने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. हे सगळीकडं छापलेलं असतं. त्यात काम करणाऱ्या दोघींविषयी मात्र ओळ-दोन ओळी. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यावर नावं बदलून कमलादेवी आणि सुशीलादेवी. कॅमेऱ्यापुढं उभं राहिल्याबद्दल त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकलं. राहायला जागा उरली नाही, तेव्हा त्या कंपनीच्या आवारातच राहिल्या. आणि तिथं काय केलं? मंडळींचा स्वयंपाकही केला. दिवसा द्रौपदीच्या कथेत उभं राहायचं, कॅमेरा थांबला की चूल पेटवायची. मला कीचकवधापेक्षा ही चूल जास्त दिसते. भर सभेत अपमान झालेल्या बाईची कथा सांगायला ज्या पुढं आल्या, त्यांच्याच वाट्याला सभेचं मौन आलं, हे आपल्याला नवं नाही बायांनो.

मधली वीस वर्षं मी भरभर ओलांडते. 'सिंहगड' आला, 'सावकारी पाश' आला. मग बोलपट आले, शिष्य वेगळे होऊन मोठे झाले, आणि बाबूराव पुन्हा रंगांकडं आणि मातीकडं वळले. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.

कोल्हापुरात तेव्हा मोक्याच्या चौकात सर लेस्ली विल्सन यांचा पुतळा होता. हे १९२३ ते १९२८ मुंबईचे गव्हर्नर. संस्थानात राजाराम महाराज १९४० साली वारलेले, वर इंग्रजांचा डोळा. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' झालं, आणि सप्टेंबरात भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हविरे या दोन बायकांनी विल्सनच्या तोंडाला डांबर फासलं. भर चौकात, युद्धाच्या दिवसांत, जेव्हा साध्या पत्रकासाठी तुरुंग होता. डोळ्यांपुढं आणून बघा, डांबराचा वास, काळे झालेले हात, पदर सावरत तिथून निघणं. पकडलं तर घरात काय होईल, मुलांचं कोण बघेल, हा हिशेब पुरुषांना करावा लागत नाही. पुढच्या वर्षी, १९४३ मध्ये, क्रांतिकारकांनी तो पुतळा फोडलाच.

चौथरा रिकामा झाला. तिथं शिवाजी महाराज बसवायचे असं ठरलं, भालजी पेंढारकरांनी पुढाकार घेतला, आणि काम आलं बाबूरावांकडं. ज्या माणसाचं तारुण्य नाटकातले राजवाडे कापडावर उभे करण्यात गेलं, आणि ज्याने 'सिंहगड'साठी शिवकाल पडद्यावर आणला, त्याला आता महाराज घडवायचे होते, पाऊस-उन्हात उभे राहतील असे. फ्रान्सच्या त्या मारलाही युद्ध संपल्यावर असंच काम मिळालं होतं. १९१९ साली पॅरिसच्या विजय संचलनासाठी त्याने आणि जोडीदारांनी मृत सैनिकांचं सोनेरी स्मारक केलं. पण ते तात्पुरतं होतं, संचलन झालं आणि लवकरच काढून टाकलं. सरकारने करवून घेतलेलं स्मारक आणि लोकांनी जागा मोकळी करून उभारलेला पुतळा यांत हा फरक पडतो.

युरोपातली लढाई ८ मे १९४५ रोजी थांबली. त्याच महिन्यात कोल्हापुरात महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. पुढच्या वेळी तिकडनं जाल तेव्हा बरोबरच्या मुलींना बाबूरावांचं नाव सांगा, आणि सांगताना भागीरथीबाई आणि जयाबाईंपासून सुरू करा. डांबर आधी लागलं, महाराज नंतर आले.