बाबासाहेबांना निवडून देणारा समाज ‘घुसखोर’ कसा ठरला?

‘घुसखोरांना हाकला’ ही घोषणा ऐकून आपल्यातलेही काही तरुण माना डोलावतात. हा इतिहास त्यांच्यासाठी.

१९४६ साली बाबासाहेबांना मुंबई प्रांतातून संविधान सभेत जाता आले नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि नमोशूद्र समाजाच्या पाठबळावर ते बंगालमधून निवडून गेले. फाळणीत या समाजाचा मोठा भाग पूर्व पाकिस्तानात राहिला. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, पण १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांनाही भारतात यावे लागले.

मागून आलेल्या दलित निर्वासितांना सरकारने दंडकारण्यात धाडले. १९७८ मध्ये त्यांतले हजारो बंगालला परतले आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटावर त्यांनी स्वकष्टाने वस्ती उभारली. डाव्या आघाडीच्या सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती बळाने उठवली.

पुढे २००३ ची नागरिकत्व दुरुस्ती आली. आईबापांपैकी एक जरी ‘बेकायदेशीर स्थलांतरित’ असेल, तरी ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेले मूल जन्माने नागरिक नाही! २०१९ च्या कायद्याने वाट काढली, पण मुस्लिमांना वगळून आणि ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरतीच.

ज्याच्याकडे जमीन, शाळा आणि कायमचा पत्ता, त्याच्याकडे कागद. भूमिहीन आणि भटक्या-विमुक्तांनी तो कुठून आणायचा? म्हणून आम्ही म्हणतो: नागरिकत्व देताना धर्म पाहू नका आणि आईबापांच्या कागदांची शिक्षा लेकराला देऊ नका. हाकलण्याची घोषणा देण्याआधी मरीचझापी आठवा.

जय भीम!