स्वप्नांची वही: डॉक्टरांना तिचा काय उपयोग?

गांधीबागेतल्या कापड दुकानात बसणारे साठीचे काका काकूंसोबत दवाखान्यात आले. झोपेत ओरडायचे, लाथा मारायचे. एकदा काकूंच्या डोळ्याखाली ठोसा बसला. नातेवाईक म्हणत होते, बाहेरची बाधा आहे. काकूंनी मात्र महिनाभर वहीत लिहून ठेवलं होतं: पहाटे चार, कुत्रा मागे लागला, लाथ मारली. पहाटे साडेचार, चोर शटर उचकटतोय, ओरडले. संशय कुठे घ्यायचा, ते त्या वहीनेच सांगितलं.

ठसठशीत स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात. ही अवस्था साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे लांबत जाते. एरवी त्या वेळी मेंदू हातापायांचे स्नायू सैल ठेवतो. हा ताबा सुटला, की माणूस स्वप्नातली मारामारी अंथरुणात करतो. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो पन्नाशीनंतरच्या पुरुषांत जास्त दिसतो, आणि त्यातल्या अनेकांना काही वर्षांनी कंपवात, म्हणजे पार्किन्सन होतो. सगळ्यांना नाही. पण मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत निदान पक्कं होतं. तोवर पलंगाजवळची काच, टेबल हलवा. जोडीदाराने वेगळं झोपावं.

स्वप्न काही मिनिटांत विरतं. जाग आल्यावर लगेच उठू नका, पडल्या पडल्या आठवा, मग उशाशी ठेवलेल्या वहीत दोन ओळी खरडा. आधी मोबाईल हातात घेतलात, तर स्वप्न गेलंच समजा. तारीख, वेळ, झोपेत काय हालचाल झाली (हे जोडीदाराला विचारा), आदल्या रात्रीची दारू आणि नवीन सुरू झालेली औषधं लिहा. बीपीच्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांनी वाईट स्वप्नं पडू शकतात. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी झोपेतली हालचाल वाढते. म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉल एकदम थांबवणं हृदयाला धोक्याचं ठरू शकतं.

स्वप्नं आठवतच नसतील, तर तो आजार नाही. स्वप्नावरून आकडा काढायचा असेल, तर ती वही माझ्याकडे आणू नका!

अपघात किंवा मारहाण पुन्हा पुन्हा स्वप्नात येत असेल आणि लिहिताना जीव घाबरा होत असेल, तर लिहिणं थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नको वाटत असेल, तर त्याच दिवशी.