दाभोळचा दिवा आणि आमचा अंधार



मी इतिहासाचा पंडित नव्हे. सातवीनंतर शाळा सुटली, यंत्रमागावर लागलो आणि पुढे संघटनेच्या कामात पडलो. जे काही वाचले ते पत्रके लिहिता लिहिता, शब्दकोश मांडीवर घेऊन. आज सांगणार आहे तो इतिहासही फार जुना नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो मेणबत्तीच्या रूपाने येऊन गेलेला आहे.

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. महाराष्ट्रात भारनियमन सुरू होते. आमच्याकडे मजुरी मीटरवर. कापड उतरेल तितके पैसे. वीज गेली की माग थांबे, माग थांबला की मजुरी थांबे. कामगाराला मात्र घरी जाता येत नसे, कारण वीज परत केव्हा येईल याचा भरवसा नाही. बारा तासांच्या पाळीतले पाच-सहा तास तो मागाखाली पंचा अंथरून पडून राही. एकाने मला विचारले, "दादा, आज मी कामावर होतो की नव्हतो?" मला उत्तर देता आले नाही. रिकाम्या तासांची निदान निम्मी मजुरी द्या म्हणून आम्ही मालकाकडे गेलो. तो म्हणाला, "वीज काय मी तोडतो?" ते खरे होते. वीज कचेरीत गेलो, तर निर्मिती कमी आणि मागणी जास्त, असे सांगण्यात आले. तेही खरेच होते.

पण त्याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्याच्या किनाऱ्यावर, सुमारे दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प बंद पडून होता. तो का बंद होता हे समजल्याखेरीज आमच्या त्या कामगाराला उत्तर मिळत नाही.

जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीची माणसे महाराष्ट्रात आली आणि थोड्याच दिवसांत, २० जूनला, राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झालासुद्धा. निविदा नाही, दुसऱ्या कोणाला विचारणा नाही. घरात साधी विहीर खणायची तर आपण दोन गवंड्यांना भाव विचारतो! १९९३ च्या एप्रिलमध्ये जागतिक बँकेने प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही असे सांगून कर्ज नाकारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वीजखरेदीच्या करारावर सह्या झाल्या. विजेचा तुटवडा आहे, घाई करा, एवढेच लोकांना सांगण्यात येई. करारातली कलमे मात्र झाकलेली होती.

त्यांतले एक कलम सोप्या भाषेत सांगतो. खानावळीत महिन्याचे पैसे भरायचे. जेवलात तरी तेवढेच आणि उपाशी राहिलात तरी तेवढेच, आणि तेही डॉलरच्या भावाने. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, प्रकल्पाच्या क्षमतेचा आकार द्यावयाचाच होता. १९९९ च्या मे महिन्यात वीज सुरू झाली. मंडळ कमी वीज उचलू लागले तेव्हा हा आकार थोड्या युनिटांवर पडला आणि काही महिन्यांत एका युनिटचा भाव सात रुपयांच्या वर गेला.

मधल्या काळात जे घडले ते एखाद्या वगात शोभावे. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडविण्याची भाषा झाली. निवडून आलेल्या सरकारने ३ ऑगस्टला करार रद्द केला; इतकेच नव्हे तर हा करार लाचलुचपतीने आणि फसवणुकीने झाला असा दावा न्यायालयात लावला. मग पुन्हा वाटाघाटी झाल्या, दावा मागे घेतला गेला, आणि जो दुसरा टप्पा पूर्वी मंडळाच्या मर्जीवर होता तो नव्या करारात बंधनकारक होऊन बसला. केंद्राची प्रतिहमी तर १९९६ च्या मे महिन्यात तेरा दिवसांच्या सरकारने जाता जाता मंजूर केली. लाच कोणी कोणास दिली हे कोणत्याही न्यायालयात शाबीत झालेले नाही, म्हणून मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. मात्र कंपनीच्याच एका अधिकारी बाईने १९९५ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले होते की, भारतीयांना या विषयाचे 'शिक्षण' देण्यासाठी सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. इतके महाग शिक्षण मला तर मिळाले नाही!

कोकणातल्या माणसांना शिक्षण मिळाले ते निराळे. ३ जून १९९७ च्या पहाटे वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले. घराघरांतून बायकांना बाहेर ओढून काठ्या घातल्या. बंदोबस्ताच्या पोलिसांचा खर्च कंपनी भागवीत होती, हे पुढे मानवी हक्कांच्या अहवालांतून जगाला कळले.

मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनचे दिवाळे निघाले. त्यापूर्वीच माधव गोडबोले यांच्या समितीने अहवाल दिला होता. केंद्र आणि राज्य, हा पक्ष आणि तो पक्ष, सगळ्यांच्याच कारभाराचे हे अपयश आहे, असा त्याचा आशय. तो अहवाल मी तीन महिने पुरवून वाचला. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते म्हणतात. येथे दळणारा आंधळा नव्हता, एवढे माझ्या ध्यानात आले.

आणखी एक पीठ सांडत होते. तारांतली गळती मंडळ कित्येक वर्षे पंधरा-अठरा टक्क्यांच्या घरात सांगे. २००० साली वीज नियामक आयोगासमोर हिशेब उलगडला तेव्हा ती तीस टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर गळती आणि चोरी खपविली जात होती. बिचारा शेतकरी! वीज त्याला रात्री मिळे, आणि चोरीचा आळ मात्र दिवसाढवळ्या. पुढे जेथे गळती अधिक तेथे भारनियमन अधिक, असा नियम आला. वीज चोरणारा आणि बिल भरणारा एकाच तारेवर असला तर दोघेही अंधारात.

प्रकल्प नव्या सरकारी कंपनीच्या हाती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि २०१३ मध्ये वायू नाही म्हणून पुन्हा थंडावला. कराराविरुद्ध सीटू ही कामगार संघटना आणि अभय मेहता १९९६ मध्ये उच्च न्यायालयात गेले होते. न्यायालयाने शासनाच्या वर्तनावर कडक शब्दांत ताशेरे ओढले, पण याचिका फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनाच्या वागणुकीपुरते अपील दाखल करून घेतले. एप्रिल २०१९ मध्ये, आता फार काळ लोटला असे म्हणून, तेही निकालात निघाले.

रिकाम्या तासांच्या मजुरीची आमची मागणी त्याहून बरीच आधी सुटली. मालकांनी पाळीमागे चहाचे पैसे द्यायचे कबूल केले. मला विचारणारा तो कामगार तोवर माग सोडून भाजीची गाडी लावू लागला होता. संध्याकाळी तो गाडीवर गॅसबत्ती लावीत असे.